उल्का मोजणी प्रकल्पाच्या नोंदी: ययातीपासून मिथुनपर्यंत

९ जुलै २०२३

यंदा १३ ऑगस्टच्या आसपास ययाती (पर्सियस) तारकासमूहातून येणारा उल्कावर्षाव भरात असेल तेव्हा चंद्राची फक्त बारीक कोर उरलेली असेल. १४ डिसेंबरला मिथुन उल्कावर्षाव येईल तेव्हा अमावास्या नुकतीच उलटलेली असेल. वर्षातले दोन सर्वांत भरवशाचे वर्षाव एकाच वर्षी अंधाऱ्या आकाशात मिळणार आहेत. हा योग वाया घालवायचा नाही, म्हणून ही वही आजपासून.

आजवर मी उल्का पाहिल्या, मोजल्या मात्र कधीच नाहीत. सकाळी कुणी विचारलं की "खूप दिसल्या" किंवा "फारशा नाही" एवढंच सांगता यायचं. या वेळी तासाचा आकडा काढायचा आणि तो जाहीर होणाऱ्या आकड्याशी ताडून पाहायचा. जाहीर होतो तो "खमध्य ताशी दर", म्हणजे उगमबिंदू (वर्षावाच्या सगळ्या उल्का जिथून फाकताना दिसतात ती आकाशातली जागा) बरोबर डोक्यावर आहे, आकाश स्वच्छ आहे आणि ६.५ प्रतीपर्यंतचे (प्रत म्हणजे तेजाचं माप) तारे दिसताहेत असं धरून एका माणसाला तासाभरात किती उल्का दिसतील तो आकडा. ययातीचा साधारण १००, मिथुनचा १५०. बातमीत "ताशी १०० उल्का" वाचून लोक बाहेर येतात आणि वीस मोजून हिरमुसले होऊन परततात, त्याचं कारण या व्याख्येतच आहे.

भाची सोबत येणार आहे. तिला मोजण्यात रस नाही, तिला अग्निगोल, म्हणजे शुक्रासारखी झगझगीत उल्का, पाहायचा आहे. ती म्हणाली, "मामा, तू मोज, मी बघते." मी तिलाही मोजायला लावणार आहे.

२२ जुलै

जागा पाहून आलो. तीन बाजूंनी क्षितिज मोकळं आहे, नैर्ऋत्येला शहराचा उजेड आहे. उल्का पाहायला दुर्बीण लागत नाही, उलट ती आड येते. शक्य तितकं आकाश एका नजरेत यायला हवं. उगमबिंदूकडे टक लावूनही उपयोग नसतो, कारण त्याच्या जवळच्या उल्का आपल्याकडेच येत असल्यानं आखूड दिसतात. बिंदूपासून ४०-५० अंश बाजूला, आकाशाचा सर्वांत काळा भाग निवडून अर्धवट आडवं व्हायचं.

आजचं खरं काम होतं आकाशाची मर्यादा काढण्याचं. ठरावीक तेजस्वी ताऱ्यांनी केलेला त्रिकोण किंवा चौकोन घ्यायचा, त्यात किती तारे दिसतात ते मोजायचं आणि कोष्टकातून आपल्याला दिसणाऱ्या सर्वांत अंधूक ताऱ्याची प्रत काढायची. प्रतीचा आकडा वाढतो तसं तेज कमी होतं, हे भाचीला दोनदा सांगावं लागलं. जागेवर पोचल्यावर दहा मिनिटांनी मला महाश्व (पेगासस) तारकासमूहाच्या चौकोनात तीन तारे दिसत होते. अर्ध्या तासानं आठ दिसले. आकाश तेच होतं, डोळे बदलले होते. डोळ्यातल्या अंधारात पाहणाऱ्या दंडपेशींमधलं ऱ्होडॉप्सिन हे प्रकाश टिपणारं द्रव्य पुन्हा तयार व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलकडे एकदा पाहिलं की सगळं पहिल्यापासून. म्हणून तांबडी बत्ती, आणि तीही मंद.

माझी मर्यादा ५.४ आली. भाचीची मोजली नाही. आकाश एकच आहे, तर मर्यादाही एकच, असं मी धरलं.

३१ जुलै

पौर्णिमा उद्यावर. कुंभेतल्या दक्षिण डेल्टा उल्का चांदण्यात बुडाल्या. मकर राशीतून येणारी एक मात्र दिसली. संथ, पिवळसर, जवळजवळ तीन सेकंद चालली आणि मध्येच एकदा भडकली. अल्फा मकर उल्का ताशी पाचाच्या वर नसतात, पण सेकंदाला २३ किमी अशा धीम्या वेगानं येतात आणि त्यांच्यात तेजस्वी उल्कांचं प्रमाण चांगलं असतं. मोजणी शून्य धरली, कारण दीड तासात जे पाहिलं त्यातून दर काढणं म्हणजे स्वतःला फसवणं.

१३ ऑगस्ट, सकाळ

रात्री एकपर्यंत पूर्ण ढग. दोनला पूर्वेकडून फाटायला लागले. ३ ते ४ हा एक तास हाती आला, तोही सरासरी ३० टक्के ढगांचा. चंद्राची कोर उगवली होती, तिचा त्रास नव्हता. उगमबिंदू सुमारे ४५ अंशांवर, शर्मिष्ठेच्या खाली.

मी १७ ययाती उल्का मोजल्या, भाचीनं २३. तुरळक, म्हणजे कोणत्याच वर्षावाच्या नसलेल्या, माझ्या ४ आणि तिच्या ६. उल्का कोणत्या वर्षावाची हे तिचा मार्ग मागे वाढवून ठरवायचं. तो ययातीतल्या त्या बिंदूला मिळत नसेल तर ती तुरळकात. वेगावरूनही कळतं. ययाती उल्का सेकंदाला ५९ किमी वेगानं येतात, "ती बघ" म्हणेपर्यंत संपलेल्या असतात.

सर्वांत चांगली ३:३८ ची. हिरवट डोकं, टोकाला स्फोट, आणि मागे उरलेला प्रकाशाचा पट्टा सहा सेकंद टिकून वाऱ्यावरच्या दोऱ्यासारखा वाकला. १०० किमी उंचीवर वारे कसे वाहतात, ते डोळ्यांना दिसण्याची दुसरी कोणतीही सोय माझ्याजवळ नाही.

भाची म्हणाली, दोघांचे मिळून आकडे लिहू या, जास्त दिसतील. तसं करता येत नाही. दर एका जोडी डोळ्यांचा असतो.

१३ ऑगस्ट, दुपार

हिशेब. मोजलेल्या १७ ला ढगांसाठी १.४३ नं गुणलं. आकाशाच्या मर्यादेसाठी आणखी एक गुणक. ययाती उल्कांमध्ये प्रत्येक पुढच्या प्रतीला संख्या सुमारे २.२ पट वाढते. माझी मर्यादा काल रात्री ५.३ होती, आदर्श ६.५ पेक्षा १.२ नं कमी, म्हणून २.२ चा १.२ घात, म्हणजे २.५८. मग उगमबिंदूच्या उंचीच्या साइननं, ०.७०७ नं, भागलं. आकडा आला ८९, आणि मोजणीची संख्या इतकी लहान असल्यानं २१-२२ इकडे किंवा तिकडे.

आकडा पाहून आनंद झाला आणि लगेच खटकलं. सगळे गुणक मिळून ५.२ होतात. दिसलेल्या एका उल्केमागे न दिसलेल्या चार मी कागदावर उभ्या केल्या आहेत. ढगाचा अंदाज १० टक्क्यांनी चुकला तर आकडा कुठल्या कुठे जातो.

भाचीच्या २३ चा दर याच रीतीनं १२० येतो. तिला विचारलं, माझ्या ओरडण्यावर तर तिनं काही मोजल्या नाहीत ना? ती गप्प बसली. मी तिच्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

१४ ऑगस्ट

रात्रभर ढग. एकही नाही.

१९ ऑगस्ट

वर्षावाची रात्र गेल्यावर नोंदी चाळताना दुसरी चूक सापडली. १७ पैकी ५ उल्का मी "गुरूइतकी" किंवा त्याहून तेजस्वी लिहिल्यात. सरासरी प्रत ०.४ येते. जिथे अंधूक उल्का प्रतीमागे दुपटीहून अधिक वाढतात, तिथे हे शक्य दिसत नाही. अचानक काही चमकलं की मन दचकतं आणि दचकण्यालाच तेज समजतं.

उपाय एकच, आठवणीवर न जाता लगेच शेजारच्या ताऱ्याशी तुलना. म्हणून फूटपट्टी पाठ करतोय: गुरू सध्या उणे २.५ च्या जवळपास, व्याध उणे १.५, अभिजित ०, ब्रह्महृदय ०.१, रोहिणी ०.९, ध्रुव २. अग्निगोलाची रेषा उणे ४ वर, साधारण शुक्राच्या तेजाची. शुक्र आता पहाटेच्या आकाशात येतोय, तेव्हा तो नमुनाही समोर राहील.

ययाती उल्कांचा जनक धूमकेतू स्विफ्ट-टटल १८६२ मध्ये सापडला, आणि चारच वर्षांनी शियापारेली या इटालियन खगोलज्ञानं त्याची कक्षा आणि या उल्कांची कक्षा एकच असल्याचं दाखवलं. धूमकेतू १९९२ मध्ये येऊन गेला, परत यायला १३० वर्षांच्या वर लागतात. त्या रात्री वाकताना पाहिलेला पट्टा त्याच्याच सांडलेल्या एका कणाचा. असा कण वाळूच्या दाण्याएवढा, फार तर वाटाण्याएवढा असतो.

२२ ऑक्टोबर

मृग उल्का, हॅलेच्या धूमकेतूच्या. चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळला. २:३० ते ४:३० दोन तास, मर्यादा ५.६. माझ्या १९.

आणि ३:५२ ला जे घडलं ते लिहायला हात धजत नाही, पण नोंद ही नोंद. मी ३:५१ च्या उल्केची प्रत वहीत लिहीत होतो. तांबडी बत्ती वहीवर, मान खाली. वहीचं पान एकदम पांढरंशुभ्र झालं. माझ्या बोटांची सावली त्यावर पडून सरकली. भाची ओरडली तोवर मी मान वर केली होती, वर फक्त पट्टा उरला होता, मृगाच्या डोक्यावरून थेट वर गेलेला. तो ४० सेकंद टिकला. अग्निगोल मी पाहिला नाही. तीन महिन्यांत पहिला, आणि मी लिहीत होतो.

तिनं शुक्राकडे बोट दाखवून सांगितलं, याच्यापेक्षा बराच जास्त. तिनं उणे ६ लिहिलं. शुक्र उणे ४.४ होता, सावली मी स्वतः पाहिली, तेव्हा तो आकडा मला पटतो. सेकंदाला ६६ किमी वेगाची उल्का असं पान उजळते याचा मी एवढाच साक्षीदार.

आजपासून वही बंद. मोबाइलचा ध्वनिमुद्रक, पडदा झाकून, छातीवर. डोळे आकाशातून न काढता बोलायचं: "मृग, दोन, पट्टा नाही." वेळ मुद्रणातून काढायची. एका उल्केमागे जाणारा वेळ तीन सेकंदांवर येतो, आणि तो वेळ एकूण तासातून वजा करायचा असतो हे मी ऑगस्टमध्ये विसरलो होतो.

१२ नोव्हेंबर

वृषभ उल्का. एंके धूमकेतूच्या कुळातल्या, ताशी पाच-सहा, वेग सेकंदाला ३० किमीच्याही आत. संख्येसाठी कुणी यांच्या वाटेला जात नाही, अग्निगोलांसाठी जातात. १०:४७ ला मिळाला. कृत्तिकांच्या डावीकडे सुरू झाला, नारिंगी, इतका संथ की आधी विमान वाटलं, मग फुगत गेला आणि खाली तीन तुकडे होऊन विझला. चार सेकंद. गुरू वरच होता, त्याच्याशी ताडून मी उणे ५ म्हटलं.

या वेळी आम्ही एक काम नीट केलं. एकमेकांशी एक शब्दही न बोलता दोघांनी आपापल्या मुद्रणात सगळं सांगितलं: सुरुवात कोणत्या ताऱ्यापाशी, शेवट कुठे, किती सेकंद, रंग, तुकडे. आधी बोललं की दुसऱ्याची आठवण आपल्याच डोळ्यांची वाटू लागते. मग तुलना केली. सुरुवातीत अंतर दोन अंशांचं. शेवटात मात्र मी उंची २८ अंश सांगितली, तिनं २०. तिनं हात लांब करून मुठी मोजल्या होत्या, एक मूठ दहा अंश. मी नुसता अंदाज केला होता, आणि क्षितिजाजवळ उंची जास्त वाटते हे सगळ्यांचंच होतं. तिचा आकडा घेतला. ही अचूकता सोस म्हणून नाही. दोन वेगळ्या ठिकाणांहून अशा नोंदी आल्या तरच अग्निगोलाचा खरा मार्ग आणि उरलेले तुकडे कुठे पडले असतील ते काढता येतं.

नंतर पाच मिनिटं गप्प बसून आवाजाची वाट पाहिली. ८० किमीवरून आवाज यायला चार मिनिटं लागतात. आला नाही. हा फार खोल उतरला नव्हता. रशियात चेल्याबिन्स्कला २०१३ मध्ये लोक अशाच एका अग्निगोलाचा झगझगीत उजेड पाहून खिडक्यांशी गेले आणि मागून आलेल्या धक्क्यानं फुटलेल्या काचांनी शेकडो जखमी झाले. भाचीला ते सांगून ठेवलं: भरदिवसासारखा उजेड पडला तर काचेपासून आधी लांब.

१८ नोव्हेंबर

सिंह उल्का, दोन तासांत ७. हाच वर्षाव १८३३ च्या नोव्हेंबरात उत्तर अमेरिकेवर असा कोसळला की मोजदाद करता येईना. त्या रात्रीमुळेच अमेरिकन अभ्यासक ऑल्मस्टेड यांनी दाखवून दिलं की सगळ्या उल्का सिंहेतल्या एका बिंदूतून फाकतात आणि तो बिंदू ताऱ्यांबरोबरच सरकतो, म्हणजे त्या पृथ्वीबाहेरून येतात. आजच्या सातातल्या दोन रेघा मागे वाढवल्या तर मघाच्या वरच्या, कोयत्याच्या आकाराच्या ताऱ्यांमध्ये येऊन मिळाल्या. तेवढ्यानं मला पुष्कळ मिळालं.

१४ डिसेंबर

मिथुन, पहिली रात्र. कॅमेरा लावला: १४ मिमी भिंग, छिद्र २.८, वीस-वीस सेकंदांची चित्रं. दीड तासात भिंगावर दव जमलं आणि पुढची सगळी चित्रं धुक्याची. तोवरच्या २७० च्या आसपास चित्रांत ९ उल्का, सगळ्या १ प्रतीच्या आतल्या. त्याच वेळात माझ्या डोळ्यांनी ६० च्या वर पाहिल्या. कॅमेरा अग्निगोलासाठी, मोजणीसाठी डोळे. उद्या भिंगाला उष्णतेचा पट्टा गुंडाळायचा.

झोपण्याआधी मिथुन त्रिकोणात, म्हणजे पुनर्वसूचे दोन तारे आणि मिथुनच्या पायाकडचा एक, यांच्यामध्ये तारे मोजताना मी माझा आकडा मोठ्यानं म्हटला. भाची म्हणाली, "मामा, एवढेच?" तिला चार जास्त दिसत होते. मी एकेकाची जागा विचारली. नकाशात सगळे होते.

१५ डिसेंबर

ही खरी रात्र. १:३० ते २:३०, उगमबिंदू ७५ अंशांवर, ढग शून्य. या वेळी प्रत्येकाची मर्यादा वेगळी मोजली: माझी ५.८, तिची ६.१. बोलण्यात गेलेला वेळ वजा करून दोघांचा प्रत्यक्ष वेळ ०.९५ तास.

माझ्या ६८. तिच्या ८१.

मिथुन उल्का ययातीसारख्या पळत नाहीत. सेकंदाला ३५ किमी, त्यामुळे नजर वळवून पूर्ण पाहता येतात, पट्टे मात्र क्वचित. त्यांचा जनक धूमकेतू नसून १९८३ मध्ये अवरक्त उपग्रहाच्या नोंदींत सापडलेला फेथॉन हा लघुग्रह आहे. तो सूर्याच्या इतका जवळून जातो की बुधाची कक्षा त्याच्या मानानं लांब. अशा दगडानं एवढा चुरा कसा मागे सोडला, यावर अजून काम चालू आहे. २:०५ ते २:०७ या दोन मिनिटांत नऊ पडल्या, मग पाच मिनिटं एकही नाही. मुद्रणात त्या पाच मिनिटांची शांतता ऐकू येते, आणि तीही मोजणीचाच भाग आहे.

माझ्या ६८ ची वाटणी: उणे २ च्या २, उणे १ च्या ४, शून्याच्या ६, एकच्या १०, दोनच्या १६, तीनच्या १८, चारच्या १०, पाचच्या २. सरासरी २.०. ऑगस्टमधलं ०.४ आठवलं.

१७ डिसेंबर

हिशेब. मिथुनसाठी प्रतीमागचा गुणक २.६. माझा दर १४५, कमीजास्त १८. तिचा १२९, कमीजास्त १४. कच्च्या आकड्यांत १३ चं अंतर, आणि दर एकमेकांच्या कमीजास्तीच्या पल्ल्यात बसतात. दोघांनी एकच वर्षाव पाहिला होता, वेगवेगळ्या डोळ्यांनी.

मग वही मागे उलटली. १३ ऑगस्ट. तिच्या २३ ला मी माझी ५.३ लावली होती. तिची तेव्हाही ०.३ नं जास्त असेल असं धरलं तर १२० चा दर ९५ वर उतरतो. माझा ८९ होता. तिनं माझ्या ओरडण्यावर एकही मोजली नव्हती. तिला खरोखर जास्त दिसत होत्या आणि मी आकाशाऐवजी तिच्यावर शंका घेतली.

तिला फोन केला आणि तसं सांगितलं. ती म्हणाली, "मग आता ९५ लिहून टाक ना."

लिहिलं नाही. तिची त्या रात्रीची मर्यादा मोजलेली नाही, डिसेंबरवरून ऑगस्टची ठरवता येत नाही. प्रश्नचिन्ह खोडलं, २३ तसेच ठेवले, मर्यादेच्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि बाजूला कारण लिहिलं: मोजणाऱ्यानं विचारलं नाही.

भूतेश तारकासमूहातून येणाऱ्या उल्का ४ जानेवारीला. अर्धा चंद्र असेल आणि ऐन भर काही तासांचाच, त्यामुळे चंद्र पाठीमागे राहील अशी जागा घ्यायची. त्रिकोण आधी तिचा मोजायचा, मग माझा.